टीव्हीवर चित्र आहे, आवाज नाही: एचडीएमआय दुरुस्त करायचं, वेगळी केबल टाकायची की नवं कार्ड घ्यायचं?

हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, चित्र झकास आलं, पण आवाज कॉम्प्युटरच्याच बारक्या स्पीकरमधून येतोय, नाहीतर कुठूनच येत नाही. गोव्यात फोंडा, डिचोली, म्हापसा भागात ज्यांच्या घरी जुना डेस्कटॉप अजून धडधाकट आहे आणि टीव्ही मात्र नवा आलाय, त्यांच्याकडून ही तक्रार मला वारंवार ऐकायला मिळते. चवथीच्या आधी तर हमखास. पाहुणे यायचे असतात, जुन्या नाटकांची रेकॉर्डिंगं, भजनं, लग्नाचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावायचे असतात, आणि टीव्ही ऐनवेळी मुका.

मग सल्ले सुरू होतात. एकजण म्हणतो केबल बदला, दुसरा म्हणतो ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरमधून चित्र पाठवणारा भाग) गेलं, तिसरा म्हणतो ब्लूटूथ स्पीकर घ्या नि मोकळे व्हा. यातला कुठला सल्ला कुठल्या घराला लागू पडतो, ते नीट समजून घेतलं तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्डाच्या एचडीएमआयमधूनच आवाज नेणं शक्य असेल तर दुसरा विचार करू नये, आणि बहुतेक घरांत ते एक रुपयाही न घालवता शक्य असतं. कार्ड खरोखरच जुनं असेल तर साधी ऑडिओ केबल टाकावी. निव्वळ आवाजासाठी नवं कार्ड घेणं अगदी शेवटी.

केबलला दोष देण्याआधी

एचडीएमआय केबलच्या तोंडात १९ पिना असतात. कॉम्प्युटरकडून टीव्हीकडे आवाज नेणारी वेगळी अशी त्यातली एकही नाही. चित्र ओळीओळीने जातं, आणि दोन ओळींच्या, दोन फ्रेम्सच्या मध्ये थोडी रिकामी जागा राहते. आवाजाचा डेटा त्या जागेत भरून चित्राच्याच तारांवरून जातो. आपल्या फेरीबोटीतून माणसं आणि स्कूटर एकाच खेपेत पलीकडे जातात, तसाच हा प्रकार. म्हणून चित्र स्वच्छ असेल, ठिपके किंवा रेघा उमटत नसतील, तर ‘केबलमधली आवाजाची वायर तुटली’ हे निदान टिकत नाही. महागडी, सोन्याचा मुलामा दिलेली केबल आणून इथे काही फरक पडायचा नाही.

याला एकच अपवाद आहे, आणि किनाऱ्याजवळच्या घरांत तो भेटतो. १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवरून टीव्ही स्वतःची ओळख कार्डाला सांगतो: मी अमुक मॉडेल, मला अमुक रिझोल्यूशन चालतं, मला आवाजही समजतो. ही ओळख पोचली नाही, तर कार्ड समोरच्याला साधा मॉनिटर समजतं आणि नुसतं चित्र पाठवतं. याची खूण सोपी आहे. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये टीव्हीच्या मॉडेलच्या नावाऐवजी ‘जेनेरिक मॉनिटर’ असं काहीतरी दिसतं आणि रिझोल्यूशनची यादी विचित्र, तोकडी असते. अशा वेळी केबल काढून तिचं टोक ट्यूबलाइटखाली धरून बघा. आतले पत्रे चकचकीत पिवळे दिसायला हवेत. त्यांच्यावर मळकट किंवा हिरवट पापुद्रा असेल तर खाऱ्या दमट हवेने आपलं काम केलेलं आहे. मिरामार, कांदोळी, कोलवा अशा पट्ट्यात पावसाळ्यानंतर हे अगदी नेहमीचं. टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून, प्लग काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोक पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि तीन-चार वेळा घालून-काढून मग बसवायचं. पॉलिश पेपरने घासायचं मात्र नाही. वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसात पापुद्रा आणखी लवकर चढतो.

पहिला मार्ग: आहे त्याच केबलमधून आवाज

या मार्गावर मी मुद्दाम जास्त वेळ थांबणार आहे. दुकानात दुरुस्तीला नेलेल्या कॉम्प्युटरचं दुखणं बऱ्याचदा इथेच असतं आणि ते घरच्या घरी कळतं.

विंडोजमध्ये टास्कबारच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा, तिथून जुनी साउंड खिडकी. विंडोज ११ मध्ये ती ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ या नावाखाली मिळते. तिच्यात ‘प्लेबॅक’ नावाचा टॅब आहे. तिथे तुमच्या कॉम्प्युटरला माहीत असलेली आवाजाची सगळी ठिकाणं दिसतात: मदरबोर्डचा स्पीकर, हेडफोन, आणि टीव्हीच्या मॉडेलचं नाव, ज्याच्या खाली एनव्हीडिया, एएमडी किंवा इंटेलच्या ऑडिओचा उल्लेख असतो. प्रत्येकाच्या उजव्या बाजूला एक छोटा उभा पट्टा असतो. कुठलंही गाणं लावून ठेवा आणि तो पट्टा बघा. ज्याच्यापुढे हिरव्या रेषा नाचताहेत तिकडे आवाज जातोय. या एका पट्ट्याने अर्धं निदान होतं.

टीव्हीचं नाव यादीत आहे, पण हिरव्या रेषा मदरबोर्डच्या स्पीकरपुढे नाचताहेत? मग काहीही बिघडलेलं नाही. टीव्हीवर क्लिक करून ‘सेट डिफॉल्ट’ दाबा. विंडोजने फक्त आवाज दुसरीकडे वळवला होता. आपल्याकडे हे सारखं होण्याचं एक कारण म्हणजे वीज. लाइट गेली, कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहिला आणि टीव्ही बंद पडला, की विंडोजच्या दृष्टीने टीव्ही निघून गेला. मग ते आवाज उरलेल्या स्पीकरकडे वळवतं, आणि लाइट आल्यावर तो आपोआप परत वळेलच असं नाही. जमेल तेव्हा टीव्ही आधी चालू करावा, त्याच्यावर बरोबर एचडीएमआय इनपुट निवडावा आणि मग कॉम्प्युटर सुरू करावा. ही सवय लावली की निम्म्या तक्रारी थांबतात.

हिरव्या रेषा टीव्हीच्या नावापुढेच नाचताहेत आणि तरी टीव्ही गप्प? म्हणजे कॉम्प्युटरने आपलं काम केलं, आता टीव्हीकडे वळा. म्यूट आणि व्हॉल्यूम तर बघाच, पण त्याहून महत्त्वाच्या दोन जागा आहेत. एक, टीव्हीचा आवाज बाहेरच्या साउंडबारकडे पाठवून ठेवलेला असतो आणि साउंडबार बंद असतो. दुसरी, काही टीव्हींमध्ये एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’, ‘डीव्हीआय’ अशी नावं देता येतात. ‘डीव्हीआय’ नाव दिलं की टीव्ही समजतो या वाटेने फक्त चित्र येणार, आवाज वेगळ्या सॉकेटमधून येईल. नाव बदललं की आवाज सुरू. टीव्हीचा दुसरा एचडीएमआय पोर्टही वापरून बघा. जून आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात एखादा पोर्ट अर्धवट दुखावलेला असू शकतो.

इथेच आणखी एक अडचण येते, ती फॉरमॅटची. सिनेमाच्या फाइलमध्ये आवाज डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये बांधलेला असतो आणि प्लेअर तो न सोडवता तसाच टीव्हीकडे ढकलतो. टीव्हीला तो प्रकार उलगडता येत नसेल तर तो शांत बसतो. यूट्यूबला आवाज येतो, पण पेनड्राइव्हवरच्या सिनेमाला येत नाही, ही याची ठळक खूण. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पास-थ्रू बंद करा, आणि साउंड खिडकीत टीव्हीच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन चॅनेल, १६ बिट, ४८,००० हर्ट्झ निवडा. हा फॉरमॅट प्रत्येक एचडीएमआय टीव्ही घेतो.

हिरव्या रेषा कुठेच नसतील तर प्रोग्रॅमचाच आवाज बंद असू शकतो, किंवा त्याने आता न जोडलेलं ठिकाण निवडून ठेवलेलं असू शकतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये ऑडिओ मेनूत ऑडिओ डिव्हाइसची यादी आहे, तिथे बघा. ब्राउझरसाठी विंडोजचा व्हॉल्यूम मिक्सर बघा.

आणि टीव्हीचं नावच यादीत नसेल तर? यादीतल्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून बंद असलेली आणि न जोडलेली डिव्हाइसेस दाखवायला सांगा. नाव फिकट दिसलं तर ‘एनेबल’ करा. तरीही दिसलं नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. ग्राफिक्स कार्डात चित्राच्या चिपसोबत आवाजाचा स्वतंत्र कंट्रोलर असतो आणि त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. विंडोज अपडेटनंतर किंवा घाईत ड्रायव्हर टाकताना हाच भाग सुटतो. चित्राचा ड्रायव्हर आला, आवाजाचा राहिला, म्हणून चित्र उत्तम आणि टीव्ही मुका. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून पूर्ण ड्रायव्हर उतरवा, इन्स्टॉल करताना कस्टम पर्याय निवडा आणि एचडी ऑडिओच्या चौकोनात टिक आहे ना ते बघा. मदरबोर्डचा रिअलटेक ड्रायव्हर कितीदा टाकला तरी इथे उपयोग नाही, कारण हा आवाज मदरबोर्डच्या साउंड चिपमधून जातच नाही. ही गोष्ट कितीतरी लोकांना ठाऊक नसते आणि त्यांचा सबंध रविवार चुकीच्या ड्रायव्हरमागे जातो.

लिनक्सवाल्यांनी पल्सऑडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्फिगरेशन टॅबवर जाऊन कार्डाचं प्रोफाइल ‘डिजिटल स्टिरिओ एचडीएमआय’ करावं. कार्डाला तीन-चार पोर्ट असतील तर तितकी प्रोफाइलं दिसतात. एकेक करून बघितलं की बरोबर सापडतं.

या मार्गाच्या बाजूने सांगायचं तर: एकच केबल, डिजिटल आवाज, घरघर नाही, ओठ आणि शब्द जुळलेले, टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त. दुसरा कुठलाही मार्ग हे सगळं एकत्र देत नाही. तोटा एवढाच की विंडोज अधूनमधून आपली पसंती विसरतं आणि घरातल्या मोठ्या माणसांना ते पुन्हा सेट करणं जड जातं. आई-वडील गावी आणि मुलगा पुण्यात असेल, तर तो फोनवरून ‘बाबा, स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करा’ सांगत बसतो. त्या घरासाठी मी पुढचा साधा मार्गच सुचवेन.

कार्ड जुनं असेल तर

डीव्हीआय ही चित्राची जुनी जोडणी १९९९ साली आली आणि तिच्यात आवाजाची सोयच नव्हती. एचडीएमआयचं पहिलं रूप डिसेंबर २००२ मध्ये आलं, पण ग्राफिक्स कार्डांनी आवाज मनावर घ्यायला आणखी काही वर्षं लागली. एएमडी-एटीआयच्या रेडिऑन एचडी २००० मालिकेत, म्हणजे २००७ पासून, कार्डातच ऑडिओ कंट्रोलर आला. एनव्हीडियाच्या त्या काळच्या बऱ्याच कार्डांत, ८८०० जीटी, ९८०० जीटी आणि जीटीएक्स २६० धरून, तो नव्हता. तिथे मदरबोर्डवरून कार्डापर्यंत दोन पिनांची एक बारीक एसपीडीआयएफ (डिजिटल आवाजाची) वायर आतून जोडावी लागायची. कार्डाच्या खोक्यात ती मिळायची, पण असेंबल करणारा ती जोडेलच असं नव्हतं. २००९ च्या अखेरीस आलेल्या जीटी २२० सारख्या कार्डांपासून ही भानगड संपली.

म्हणजे तुमचं कार्ड एनव्हीडियाचं आणि २००९ च्या आधीचं असेल, तर कॅबिनेट उघडून ती बारीक वायर आहे का ते पाहायचं. नसेल आणि मदरबोर्डवर एसपीडीआयएफ आउटच्या पिना असतील तर वायर मिळवून जोडता येते, पण पिनांचा क्रम मदरबोर्डाच्या पुस्तिकेतून पाहूनच. एवढ्या जुन्या मशीनवर इतके कष्ट घ्यावेत असं मला वाटत नाही. ऑडिओ केबल टाकून मोकळं व्हावं.

कार्डाला फक्त डीव्हीआय आहे आणि तुम्ही डीव्हीआय-एचडीएमआय केबल लावली आहे, असं असेल तर आवाज येऊही शकतो. २०१० नंतरच्या अनेक कार्डांचा डीव्हीआय पोर्ट टीव्ही ओळखला की एचडीएमआय पद्धतीने बोलतो आणि आवाजही पाठवतो. म्हणून वरची प्लेबॅकची यादी बघूनच निर्णय घ्या. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अडॅप्टरमधूनही आवाज जातो. व्हीजीएचं मात्र तसं नाही. विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर देणाऱ्या गोवा सरकारच्या सायबरएज योजनेच्या काळातले जे पीसी काही घरांत अजून जपलेले आहेत, त्यांना हाच निळा पोर्ट असतो आणि त्यातून आवाज कधीच जात नाही. व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर घ्यायचा झाला तर ज्याला ऑडिओची ३.५ मिमीची सॉकेट आहे तोच घ्या. त्यात कॉम्प्युटरच्या हिरव्या सॉकेटमधून वायर घातली की तो चित्र आणि आवाज एकत्र करून टीव्हीला देतो.

दुसरा मार्ग: मदरबोर्डचा एचडीएमआय

कार्ड काही केल्या ऐकत नसेल तर मागच्या बाजूला मदरबोर्डवरही एचडीएमआय असतो, तिथे केबल लावून बघता येते. फक्त प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे त्यात ते नसतं. रायझन ५६०० किंवा ५६००एक्समध्ये नसतं, ५६००जीमध्ये असतं. कार्ड बसवलेलं असताना बायोस (कॉम्प्युटर सुरू होतानाचं मूळ सेटिंग) बऱ्याचदा हा पोर्ट बंद ठेवतो, तो चालू करावा लागतो. सिनेमा, भजन, मालिका एवढंच बघायचं असेल तर हा मार्ग पुरेसा आहे आणि फुकट आहे. गेम खेळणाऱ्या मुलांच्या घरात हा सुचवू नका. कार्डासाठी पैसे मोजून चित्र त्याला वळसा घालून न्यायचं, यात अर्थ नाही.

तिसरा मार्ग: साधी ऑडिओ केबल

कॉम्प्युटरच्या मागची हिरवी सॉकेट आणि तिथून ३.५ मिमीची वायर. सर्वात स्वस्त, ड्रायव्हरची कटकट जवळजवळ शून्य, कितीही जुन्या मशीनला चालणारी. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा जोडून दिली की पुन्हा फोन येत नाही. पण घेण्याआधी वायरचं दुसरं टोक कुठे जाणार ते ठरवा, कारण इथेच फसगत होते.

जुन्या एलसीडी टीव्हींमध्ये एका एचडीएमआय पोर्टवर ‘डीव्हीआय’ असंही लिहिलेलं असे आणि त्याच्यासाठी वेगळी ऑडिओ-इन सॉकेट असे. ती असेल तर उत्तम. नव्या टीव्हींमध्ये ती सहसा नसते. एव्ही-इन असते, पण तिचा आवाज टीव्हीवर एव्ही इनपुट निवडल्यावरच येतो. चित्र एचडीएमआयचं आणि आवाज एव्हीचा, असं दोन्ही एकदम बहुतेक टीव्ही देत नाहीत. आणि हेडफोनचं चिन्ह असलेली सॉकेट आवाज बाहेर काढणारी असते, तिच्यात कॉम्प्युटरची वायर घालून काहीच होणार नाही. त्यामुळे नवा टीव्ही असेल तर वायर टीव्हीकडे न नेता थेट अ‍ॅम्प्लिफायरला किंवा पॉवर्ड स्पीकरला न्या. भजनी मंडळाचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घरात असेल तर तोही चालतो, आणि सपाट टीव्हीच्या पातळ स्पीकरपेक्षा पखवाजाचा आवाज त्याच्यावर किती भरदार येतो ते ऐकूनच कळेल.

या मार्गाचा खरा शत्रू म्हणजे घरघर. स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा सतत आवाज. कॉम्प्युटर एका प्लगवर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा टीव्ही दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक. तो फरक ऑडिओ वायरच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो आणि कानाला ऐकू येतो. उन्हाळ्यात चिऱ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, जुन्या घरांत तर अर्थिंगची पाटी कधी पुरली हे कुणालाच आठवत नसतं. आधी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. नाही गेली तर टीव्हीच्या मागची केबल टीव्हीची किंवा डिशची जाड वायर उपसून बघा. बाहेरून येणारी ती वायर स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन येते आणि बऱ्याच घरांत घरघरीचं मूळ तीच असते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर कारण अर्थिंगच. मग ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मध्ये टाकली की काम होतं. प्लगची तिसरी, जाड पिन कापून घरघर घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. ती पिन शॉकपासून वाचवण्यासाठी आहे आणि पावसाळ्यातल्या ओल्या भिंतींच्या घरात तिच्याशी खेळणं जिवावर बेतू शकतं.

ऑप्टिकल, साउंडबार आणि ब्लूटूथ

कॉम्प्युटरच्या मागे चौकोनी, आत लाल उजेड दिसणारी सॉकेट असेल तर ती ऑप्टिकल. ही केबल प्रकाशावर चालते, तिच्यात विजेचा संबंधच नाही. त्यामुळे घरघर शून्य, आणि गडगडाटात झटका एका यंत्रातून दुसऱ्यात जायला तिच्यातून तरी वाट नाही. साउंडबारला ऑप्टिकल-इन असेल तर साध्या केबलपेक्षा हा मार्ग मला नक्कीच सरस वाटतो. केबल जरा नाजूक असते, कोपऱ्यात करकचून वाकवायची नाही.

साउंडबार घेताना एक गैरसमज दूर ठेवा. ‘एआरसी’ लिहिलेला पोर्ट २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आला आणि तो टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत नेण्यासाठी आहे. कॉम्प्युटरच्या कार्डाशी त्याचा संबंध नाही. कॉम्प्युटरचा आवाज आधी टीव्हीत पोचला तरच तो एआरसीमधून पुढे जाणार. टीव्ही मुका असताना साउंडबार आणला तर तोही मुकाच राहील. खर्च करण्याआधी पहिला मार्ग निस्तरायचा, तो एवढ्यासाठी.

ब्लूटूथचं माझं मत फारसं अनुकूल नाही. गाणी ऐकायला ठीक, चित्रासोबत नाही. आवाज चित्रामागे साधारण १२५ मिलिसेकंदांहून जास्त पडला की माणसाला ते जाणवायला लागतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नमूद आहे. साध्या ब्लूटूथचा उशीर बऱ्याचदा दीडशे ते अडीचशेच्या घरात जातो. नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये नटाचं तोंड आधी हलतं आणि शब्द मागून येतो, संवादातली सगळी गंमत जाते. व्हीएलसीमध्ये ‘जे’ आणि ‘के’ बटणांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी मागे-पुढे करता येतो, पण थेट सामना किंवा ऑनलाइन मालिका बघताना ती सोय नाही. आणि आवाज वळवण्याची विंडोजची सवय इथेही पाठ सोडत नाही.

नवं कार्ड

गेमसाठी किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी कार्ड बदलायचंच असेल तर बदला, आवाजाचा प्रश्न आपसूक सुटेल. फक्त आवाजासाठी जीटी ७१० सारखं स्वस्त कार्ड घेण्याचा मोह मात्र टाळा. त्याच्यासाठी एनव्हीडियाची ४७० ही ड्रायव्हर मालिका शेवटची ठरली आहे. म्हणजे आज घेतलेली वस्तू ड्रायव्हरच्या बाबतीत आधीच निवृत्त. आणि फक्त यूट्यूब आणि मालिकाच बघायच्या असतील तर स्मार्ट टीव्हीत ती सोय असतेच. तिथे कॉम्प्युटर मध्ये आणायचं कारण नाही.

तुमच्या घराला काय?

कार्ड गेल्या दहा-बारा वर्षांतलं आणि त्याला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल: पहिला मार्ग, दुसरं काही नाही. यादीत टीव्हीचं नाव आणून डिफॉल्ट करेपर्यंत खिशात हात घालू नका.

कार्ड एनव्हीडियाचं आणि २००९ च्या आधीचं, किंवा पोर्ट व्हीजीए असेल: ऑडिओ केबल थेट स्पीकरला. घरात ज्येष्ठ मंडळीच कॉम्प्युटर चालवत असतील तर कार्ड नवं असलं तरी हेच. डीव्हीआय असेल तर आधी यादीत टीव्हीचं नाव येतंय का बघा. आलं तर पहिला मार्ग, नाहीतर हीच केबल.

साउंडबार आधीच घरात असेल: कॉम्प्युटर ते साउंडबार ऑप्टिकल, टीव्हीला फक्त चित्र.

देवळाच्या सभामंडपात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये पडद्यावर काही दाखवायचं असेल तर एचडीएमआयच्या आवाजावर विसंबू नये. टीव्ही आणि मिक्सर यांच्यात अंतर असतं आणि ऐनवेळी सेटिंग शोधत बसायला वेळ नसतो. कॉम्प्युटरच्या हिरव्या सॉकेटमधून मिक्सरला आयसोलेटर लावून वायर द्यावी, आणि आदल्या संध्याकाळी एकदा वाजवून बघावी.

पणजीत १८ जून मार्गावर किंवा म्हापशाच्या बाजारात केबल घ्यायला निघालात तर तीन गोष्टी मोबाइलमध्ये फोटो काढून न्या: कॉम्प्युटरच्या मागची सगळी सॉकेट्स, टीव्हीच्या मागची सॉकेट्स त्यांच्यावरच्या अक्षरांसकट, आणि प्लेबॅक टॅबची ती यादी. दुकानदाराला ‘आवाजाची केबल द्या’ एवढंच सांगितलं तर तो हाताला येईल ती देईल. अंतरही मोजून न्या, भिंतीच्या कडेने वळणं धरून. साधी एचडीएमआय केबल ४के चित्रासाठी पाच मीटरच्या पुढे न्यायची झाली तर अडचणी सुरू होतात, फुल एचडीसाठी दहा मीटरपर्यंत सहसा निभतं. ३.५ मिमीची वायर पाच-सात मीटरपर्यंत बिनधास्त. आणि ती घेताना जाळीदार आवरण असलेली, जरा जाडसर बघून घ्या. त्या बारीक, फोनसोबत मिळतात तशा वायरी फ्रिजच्या किंवा पंख्याच्या रेग्युलेटरच्या जवळून गेल्या की तिथली खरखर उचलतात.